यादृच्छिक आसनव्यवस्था: एक यशोगाथा

ज्या वस्तूचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो ती फार काळ सुरक्षित राहत नाही, हे माणसाला पूर्वीपासून माहीत आहे. म्हणून तर आपण दागिन्यांची पुरचुंडी तांदळाच्या डब्यात लपवतो आणि सणाच्या दिवशी ती नेमकी कुठल्या डब्यात ठेवली होती म्हणून स्वयंपाकघर उपसतो. चोराला सापडत नाही, आपल्यालाही सापडत नाही. याला पूर्ण सुरक्षा म्हणतात. हेच तत्त्व शासकीय पातळीवर राबवण्याचा पहिला मान वसईतल्या आमच्या कार्यालयाला मिळाला, याचा मला सार्थ अभिमान आहे.

आमचं कार्यालय म्हणजे 'विकास सुलभता उपकेंद्र'. ते सातिवलीला एका औद्योगिक गाळ्याच्या पहिल्या मजल्यावर तात्पुरतं भरतं (तात्पुरतं होऊन नऊ वर्षं झाली). खालच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या तयार होतात. त्या यंत्रामुळे आमची जमीन दिवसभर हलकेच थरथरत असते, आणि त्यामुळे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सह्या साधारण सारख्याच दिसतात. त्यावर अजून कुणी तक्रार केलेली नाही.

मी श्रीपत. 'हरकती व सूचना' हे टेबल माझं. या टेबलावरच्या अकरा वर्षांत माझ्याकडे सूचना एकही आली नाही. हरकती अधूनमधून येतात. त्या घ्यायच्या, शिक्का मारायचा, वेळ टाकायची आणि वर पाठवायच्या, एवढंच काम. शिक्का मी स्वतः मारतो, ते कुणावर सोपवत नाही.

एका सलग दालनात भिंतीला लागून आमची तेवीस टेबलं. कुठलं टेबल कुठे, हे सगळ्यांना पाठ होतं. दारातून उजवीकडे तिसरं नकाशांचं, सहावं नोंदींचं, खिडकीखालचं माझं. नागरिकांना पाठ होतं हे चांगलंच, पण सल्लागारांनाही पाठ होतं. (पूर्वी त्यांना दलाल म्हणत. आता कार्यालयाचे आणि त्यांचे संबंध सुधारले आहेत.) असे नऊ सल्लागार होते. ते दारातून शिरत आणि वाटेत कुणालाही काही न विचारता हव्या त्या टेबलावर सरळ जाऊन बसत. कधीकधी टेबलाच्या आतल्या बाजूला बसत. एकदा तर मी जेवून आलो तेव्हा माझ्याच खुर्चीवर बसलेल्या सल्लागाराने मला काय काम आहे असं विचारलं होतं.

अशा परिस्थितीत सायबर सुरक्षा सप्ताह आला. वरून आदेश होता की एक व्याख्यान ठेवावं आणि त्याचे फोटो पाठवावेत. व्याख्यानाला ब्रायन नावाचा एक तरुण संगणक अभियंता आला. मुलगा इथलाच, वसईचा, बोलण्यात साधा. त्याने सांगितलं की संगणकाच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात, आणि सगळी सत्ता त्या गाभ्याच्या हातात असते. ही प्रणाली सगळीकडे एकाच साच्यातून निघते, त्यामुळे गाभ्यातली कुठली गोष्ट स्मृतीत कुठल्या पत्त्यावर आहे हे हल्लेखोराला घरबसल्या ठाऊक असतं. म्हणून आता यंत्र दर वेळी सुरू होताना अख्खा गाभाच नशिबाने निघालेल्या अंतराने सरकवतात. हल्लेखोर पाठ केलेल्या पत्त्यावर जातो आणि तोंडघशी पडतो.

हे ऐकून आमच्या कार्यालयप्रमुख हेमांगी मॅडम उठून उभ्या राहिल्या. सतरा वर्षांत त्यांना व्याख्यानात उठून उभं राहिलेलं मी प्रथमच पाहिलं. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे दुसरं काय होतं? आपणही गाभाच आहोत."

तेवढ्यात त्यांना वरून फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. अकरा मिनिटांनी परतल्या. त्या अकरा मिनिटांत ब्रायनने पडद्यावर आणखी दोन पाट्या दाखवल्या. इतिवृत्त लिहिण्याची जबाबदारी माझी होती, पण त्याच वेळी बटाटेवडे आले. त्यामुळे इतिवृत्तात तिथे 'यानंतर अल्पोपाहार झाला' एवढंच आहे.

जाता जाता ब्रायनने आमच्या संगणकातही ही सोय चालू करून देतो म्हणून सांगितलं. त्यासाठी यंत्र एकदा बंद करून सुरू करावं लागणार होतं. ते शक्य नव्हतं. आमचा मुख्य संगणक चार वर्षं बंद केलेला नाही, कारण बंद केल्यावर तो पुन्हा सुरू होईल असं लेखी द्यायला कुणी तयार नाही. खंडेनवमीला आम्ही त्याला हार घालतो, तोही जरा लांबूनच. तेव्हा संगणक आहे तसाच राहिला आणि सुधारणा माणसांत करायचं ठरलं.

आठ दिवसांत 'यादृच्छिक आसनव्यवस्था' या नावाचा आदेश निघाला. यादृच्छिक म्हणजे साध्या भाषेत नशिबावर सोडलेली. टेबलांवरच्या पाट्या काढल्या. दररोज पावणेदहाला एक आकडा काढायचा आणि सगळ्या कर्मचाऱ्यांनी आपापली रजिस्टरं, शिक्के आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन तेवढी टेबलं पुढे सरकायचं. प्रत्येकाने वेगवेगळं विखरून बसावं असा मॅडमचा मूळ विचार होता. पण त्याने डबे खाण्याच्या मंडळ्या फुटल्या असत्या. नकाशा, नोंदी आणि आस्थापना या तीन टेबलांचं चौदा वर्षं एकत्र जेवण आहे. एकीची भाकरी, दुसरीचं कालवण, तिसऱ्याचा कांदा. कर्मचारी संघटनेने निवेदन दिलं, आणि क्रम तोच ठेवून सगळ्यांनी मिळून सरकावं असं ठरलं. माझ्या डावीकडे 'नळजोडणी' असतं. ते रोज माझ्या डावीकडेच राहिलं, आम्ही दालनात कुठेही असलो तरी.

आकडा काढायला हौजीचा पिंजरा आणला. गावच्या सणाला हौजी खेळतात तोच, दांडी फिरवली की एक गोटी बाहेर पडणारा. तो नकाशा टेबलावरच्या बाईंच्या मंडळाकडून वर्षभरासाठी मिळाला (सणाचे तीन दिवस परत द्यायच्या अटीवर, त्या तीन दिवसांत आम्ही जुन्याच जागी बसतो, आणि ही गोष्ट गोपनीय आहे). मॅडम गंभीर चेहऱ्याने आकडा वाचत. सुरुवातीला कुणीतरी सवयीने 'हाऊस' म्हणून ओरडलं होतं, त्याला कारणे दाखवा नोटीस गेली.

आकडे एक ते नव्वद आणि टेबलं तेवीस. म्हणजे भागाकार करून बाकी काढावी लागे. हे काम आस्थापनेकडे दिलं. आस्थापनेचा भागाकार महिन्यातून दोनदा चुके आणि निम्मे लोक एका टेबलावर तर निम्मे दुसऱ्यावर जाऊन उभे राहत. याला अहवालात 'अतिरिक्त यादृच्छिकता' असं म्हटलं आहे. कधी तेवीस, सेहेचाळीस किंवा एकोणसत्तर निघाले की बाकी शून्य उरे. त्या दिवशी आम्ही सगळं सामान उचलून दालनाच्या मध्यभागी नेत असू आणि परत तिथेच आणून ठेवत असू. आपण हललोच नाही असा संशय कुणाला येणार नाही, म्हणून तो दिवस सर्वात सुरक्षित मानला जाई.

आदेशातले काही निवडक नियम माहितीसाठी देतो.

नियम ४: नागरिकास एका दिवसात तीन टेबलांवर विचारणा करता येईल. तिसरे टेबल चुकल्यास त्याने बाहेर जावे व दुसऱ्या दिवशी यावे.

नियम ६: कोणत्याही टेबलाने स्वतःची अथवा अन्य टेबलाची ओळख सांगू नये. (चौकशी टेबलालाही हा नियम लागू आहे. चौकशी टेबल रोज कुठे असतं हे आधी शोधावं लागे, आणि सापडलं की ते 'पुढे विचारा' म्हणे.)

नियम ११: अनधिकृत मार्गाने कुणी योग्य टेबलापर्यंत पोहोचल्यास ती घुसखोरी समजावी. संबंधित टेबलाने हात वर करून तत्काळ कळवावे. सर्व कामकाज थांबवून आकडा नव्याने काढावा.

नियम १४: चहा अत्यावश्यक सेवेत मोडत असल्यामुळे श्रीमती बायजा यांना वरील नियमांतून सूट राहील.

बायजा म्हणजे जिन्याखालची आमची चहावाली. खाडीकडच्या गावची, पन्नाशीची, आणि दालनात कोण कुठे बसलंय हे जिला रोज अधिकृतपणे सांगितलं जाई अशी एकमेव व्यक्ती. तिला सांगावंच लागे. नाहीतर सव्वादहाला चहा कसा मिळणार? मॅडमनी सांगितलं होतं की सुरक्षा आणि चहा यांत निवड करायची वेळ येऊ नये.

निकाल तर डोळे दिपवणारे होते. पूर्वी नागरिकाला योग्य टेबल सापडायला सरासरी चार मिनिटं लागत. आता जे शेवटी पोहोचत त्यांना एक तास बावन्न मिनिटं लागू लागली, म्हणजे सुरक्षितता अठ्ठावीस पटींनी वाढली. (जे पोहोचत नसत ते या सरासरीत धरलेले नाहीत, कारण ते पोहोचले नाहीत.) सल्लागारांचं तर कंबरडंच मोडलं. पहिल्या महिन्यात नवापैकी आठ धंदा सोडून गेले. त्यातल्या एकाने चिंचोटीच्या वाटेवर भजीची गाडी टाकली, बरी चालते. दलालीचं प्रमाण एकोणनव्वद टक्क्यांनी घटलं असं आम्ही वर कळवलं आणि ते खरं होतं.

उरला एकच. फ्लॉईड. आठ जणांचं काम आता त्याच्या एकट्याकडे आलं होतं.

फ्लॉईड हुशार. तो दारातल्या बाकावर पेपर घेऊन बसे आणि सव्वादहाची वाट पाही. बायजा ट्रे घेऊन निघे. ट्रेमध्ये बावीस ग्लास उघडे आणि एक ग्लास बशीने झाकलेला. झाकलेला ग्लास बिनसाखरेचा. मला मधुमेह आहे. तो ग्लास ज्या टेबलावर जाई ते टेबल माझं, आणि एकदा माझं टेबल सापडलं की बाकीची बावीस बोटांवर मोजायची, कारण क्रम कधी बदलत नव्हता. फ्लॉईड दहा वाजून एकोणीस मिनिटांनी पेपर घडी करून खिशात घाली आणि कामाला लागे. हे मला ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण नियम सहानुसार मला माझ्या टेबलाची ओळख कुणालाही सांगता येत नव्हती, आणि ही गळती सांगायची तर ती सांगावी लागली असती.

अशी सगळी घडी नीट बसली असताना रोझलीनबाईंचं प्रकरण उद्भवलं.

रोझलीनबाई होळी गावच्या. वय साठीच्या पुढे, नवरा डॉमनिक सहा वर्षांमागे वारला. वाडीत केळी, अळू, गवती चहा आणि एका कोपऱ्यात मोगरा. हे सगळं एका बावखलावर. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि त्याच्या जोरावर आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. बावखल बुजलं की समुद्राचं खारं पाणी विहिरीत चढतं आणि मग वाडी दोन-तीन उन्हाळ्यांत संपते. हे डॉमनिकच्या आजोबांनी खणलेलं. आता तिथून रस्ता रुंद करायचा होता आणि बावखल बुजवायचं होतं. तशी जाहीर सूचना आमच्या जिन्यात लागली: कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत, समक्ष, कार्यालयीन वेळेत (सायंकाळी पाचपर्यंत), 'हरकती व सूचना' टेबलावर द्यावी. टपालाने वा ईमेलने आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही. मुदतीत हरकत आली तर सुनावणी होणार, जागेची पाहणी होणार आणि रस्ता चार हात पलीकडून नेता येतो का हे बघावं लागणार. हरकत आली नाही तर काहीच बघावं लागणार नाही.

पहिल्यांदा त्या नवव्या दिवशी आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला अर्ज. वळणदार अक्षरात, शाळेत शिकवल्यासारखा समास सोडून लिहिलेला. त्यांनी तीन टेबलांवर विचारलं, तिन्ही चुकली, त्या बाहेर गेल्या. होळीहून सातिवली म्हणजे दोन बस आणि मग चाल. सोळाव्या दिवशी परत आल्या. परत तीन. त्या वेळी त्या माझ्या अगदी शेजारी, नळजोडणीवर थांबल्या होत्या. तो त्यांचा तिसरा प्रयत्न होता. मी खोकलो. नियमांत खोकण्याबद्दल काही नाही. मी आणखी जोरात खोकलो. रोझलीनबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं, पिशवीत हात घातला आणि गवती चहाची चार पाती माझ्या टेबलावर ठेवली.

"आल्यासंगट उकळून घ्या, दादा," त्या म्हणाल्या, आणि बाहेर गेल्या.

मी ती पाती घरी नेली. उकळून प्यालो. दुसऱ्या दिवशी मला जरा लाज वाटली, पण ती कार्यालयाबाहेर वाटल्यामुळे तिची नोंद कुठे नाही.

बाविसाव्या दिवशी परत तीच तऱ्हा. त्या दिवशी बाहेर पडताना फ्लॉईडने त्यांना बाकावर बसवलं. मी पाणी भरायला तिथेच उभा होतो. फ्लॉईड आदबीने बोलत होता, तो सगळ्यांशीच आदबीने बोलतो.

"आंटी, कशाला धावपळ करता या वयात? तुम्हाला पाहिजे त्या टेबलावर मी आत्ता नेतो. पैसे-बिसे काय नको. ही फक्त एक सही करा, आमच्या रेकॉर्डला."

रोझलीनबाईंनी चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. फ्लॉईडला हे नवीन असावं, तो जरा सावरून बसला. त्या सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या.

"हे तर होळीचं बावखल बुजवून रस्ता करा, माझा पाठिंबा हाय, असं लिवलंय," त्या म्हणाल्या.

"ते फॉर्मॅट आहे आंटी. सगळे करतात सही. कोण वाचत नाय."

"मी वाचलं," रोझलीनबाई म्हणाल्या आणि कागद परत दिला.

तिसावा दिवस शुक्रवार होता. त्या सकाळी आल्या, तीन टेबलं विचारली, तिन्ही चुकली. नियमाप्रमाणे त्यांनी दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं, पण दुसरा दिवस मुदतीत नव्हता. त्या जिन्याखाली बायजाच्या स्टुलावर जाऊन बसल्या. पुढे काय झालं ते बायजाने मला नंतर सांगितलं. रोझलीनबाईंनी तिला गवती चहाची जुडी दिली. बायजाने विचारलं, कशापायी येतेस सारखी? त्यांनी सांगितलं. बायजाचं माहेर खाडीकाठचं. गोड पाणी जाणं म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिला नियम चौदानुसार सूट होती, पण ती दुसऱ्याला देता येते की नाही याबद्दल आदेश काही म्हणत नाही.

चार वाजून चाळीस मिनिटांनी दुपारचा चहा दालनात आला. ट्रे रोझलीनबाईंच्या हातात होता. साडीचा पदर खोचलेला, काखेत प्लास्टिकची पिशवी. त्यांनी बावीस ग्लास कुणालाच दिले नाहीत. झाकलेला ग्लास उचलला आणि दारात उभ्या असलेल्या बायजाकडे पाहिलं. बायजाने हनुवटीने खूण केली. त्या सरळ माझ्यापर्यंत आल्या.

"तुमचा चहा. साखर नाय घातली. आनि ही हरकत."

मी अर्ज बघितला. सगळं नीट होतं, सात-बारा, नकाशा, सही.

"दादा," त्या म्हणाल्या, "चार वेळा मी तुमच्या म्होरून गेले. ते तुम्हीच का?"

नियम सहा बोलण्याबद्दल आहे, मानेबद्दल नाही. मी मान हलवली.

माझा शिक्का हातात होता. शाईचा पॅड उघडा होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. शिक्का मारायला दोन सेकंद लागतात, मी अकरा वर्षं मारतोय, मला माहीत आहे. पण दालनात बावीस माणसं चहाविना बसली होती आणि बावीसच्या बावीस माझ्याकडे बघत होती. एक नागरिक तिन्ही टेबलं चुकल्यावरही, सल्लागाराशिवाय, स्वतःच्या पायांनी, योग्य टेबलापर्यंत पोहोचला होता. असं यापूर्वी घडलं नव्हतं. हीच घुसखोरी. मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत. मला त्या बाईबद्दल वाईट वाटलं, खरंच वाटलं. आणि मी हात वर केला.

कामकाज थांबलं. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. तेवीस जणांनी रजिस्टरं बांधली, शिक्के पिशव्यांत टाकले, सगळं दालनाच्या मध्यभागी आणून रचलं. पिंजरा कपाटात होता, कपाटाची किल्ली नकाशावाल्या बाईंकडे होती, बाई हात धुवायला गेल्या होत्या. पिंजरा आला. मॅडमनी दांडी फिरवली, गोटी पडली, त्यांनी आकडा वाचला. सेहेचाळीस. आस्थापनेने भागाकार केला, तो या वेळी बरोबर आला. बाकी शून्य.

आम्ही सगळं उचललं आणि परत जिथल्या तिथे नेऊन मांडलं. मी माझ्या खुर्चीवर येऊन बसलो. रोझलीनबाई तिथेच उभ्या होत्या, त्यांना हलायला कुणी सांगितलं नव्हतं. चहा निवला होता. घड्याळात पाच वाजून चौदा मिनिटं झाली होती. मी शिक्का काढला, वेळ टाकली आणि नियमाप्रमाणे खाली लिहिलं: मुदतीनंतर प्राप्त.

त्या भांडल्या नाहीत. पोचपावती घडी करून पिशवीत ठेवली. म्हणाल्या, "तुमची टेबलं रोज हलत्यात, ठीक हाय. माझं बावखल शंभर वर्षं एका जाग्यावर हाय. ते मातुर सगळ्यांना बरोबर सापडलं."

मग त्या गेल्या. बायजाने त्या दिवसापासून माझ्या चहात साखर घालायला सुरुवात केली. मी तो पितो.

अहवाल सोमवारी गेला. मुदतीत प्राप्त हरकती: शून्य. समर्थनाची पत्रे: दोनशे बारा. ती सगळी फ्लॉईडने वेळेत, योग्य टेबलावर, क्रमवार लावून दिली होती. पुढच्याच महिन्यात होळीला भरावाचे डंपर सुरू झाले. आमच्या कार्यालयाला 'सुरक्षित कार्यालय' म्हणून विभागीय सन्मानचिन्ह मिळालं. एका घुसखोरीचा प्रयत्न हाणून पाडल्याबद्दल प्रशस्तिपत्रात माझा स्वतंत्र उल्लेख आहे. ते मी अजून भिंतीवर लावलेलं नाही.

सन्मानाच्या कार्यक्रमाला ब्रायन आला होता. त्याने सगळी व्यवस्था फिरून पाहिली, पिंजरा पाहिला, नियम वाचले. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "अंकल, त्या शेवटच्या दोन पाट्या कोणी बघितल्याच नाहीत ना?" पहिल्या पाटीवर होतं की सगळा गाभा एकदम सरकवला तर एक पत्ता फुटला की सगळेच फुटतात. दुसरीवर होतं की हक्काचं काम घेऊन येणाऱ्याला आतला पत्ता शोधावाच लागत नाही. तो दारात मागणी ठेवतो आणि आतली यंत्रणा ती योग्य जागी पोहोचवते. पत्ते लपवायचे ते हल्लेखोरापासून, मागणाऱ्यापासून नाही. मी त्याला म्हटलं, उशीर झाला, पण इतिवृत्तात दुरुस्ती करता येईल. त्याने बटाटेवडा घेतला नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात रोझलीनबाईंच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, असं बायजाकडून कळतं. अळू गेला. मोगरा जगवायला त्या शेजारच्या गावातून कळशीने पाणी आणतात.

आता तुमच्याबद्दल. इथवर वाचताना तुम्ही दोन-चारदा हसलात, ते ठीक आहे. आम्हीही हसतो. रोझलीनबाईंबद्दल तुम्हाला कळवळाही आला असेल, आणि माझा रागही आला असेल. तो मला मान्य आहे. पण गेल्या आठवड्यात काम कमी होतं म्हणून मी ती दोनशे बारा समर्थनपत्रं एकेक करून वाचून काढली. त्यांवर सह्या करणारे लोक होळीचे नाहीत. ते नालासोपाऱ्याचे आहेत, विरारचे आहेत, नायगावचे आहेत. कुणाला नळजोडणी हवी होती, कुणाला गच्चीवर पत्रा टाकायला परवानगी. बहुतेकांनी बावखल हा शब्दही ऐकलेला नसणार. त्यांना फक्त टेबल सापडत नव्हतं. दारातल्या बाकावर एक आदबशीर मुलगा भेटला, पैसे घेत नव्हता, आणि ते घाईत होते.

एकशे सदतिसावं पत्र तुमचं आहे. सही थरथरलेली नाही, तेव्हा ती आमच्या कुणाची नसावी. तुमच्या नळाच्या अर्जावरच्या सहीशी मी ती ताडून पाहिली. जुळते.